पाल्यापाचोळ्याची पूर्वतयारी

माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे बांधावरचीं व विहिरीकांठचीं झाडें पानें टाकूं लागतात. साग उघडा पडतो, पिंपळाचीं पानें वाऱ्याबरोबर वाफ्यांत येऊन बसतात, आंब्याखालीं पाचोळ्याचा थर सांचतो. त्याच सुमारास उसाची तोड चालू असते व पाचट शेतभर पसरलेलें असतें; कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या बांधावर रचलेल्या असतात. हें सर्व आवरावें कसें, असा प्रश्न पडला कीं बहुतेक ठिकाणीं त्याचें उत्तर एकच निघतें : आगपेटीची एक काडी. शिमग्याची होळी एका रात्रीची. आमच्या बांधांवरील होळी मात्र महिना दीड महिना जळत असते.

पाचोळ्याचें खत होतें हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. तें येथें पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं. ठाऊक असूनहि तो काडी कां लावतो, आणि ती लावण्याची पाळी येऊं नये म्हणून खत कुजत घालण्याच्या आधीं कोणती तयारी करावी, एवढाच विषय ह्या लेखांत घेतला आहे. अनुभव असा आहे कीं, खत बिघडतें तें बहुधा ह्या तयारीच्या अभावीं बिघडतें. आणि एकदां खत बिघडलें कीं शेतकरी पुढील वर्षी निश्चिंतपणें आगपेटीकडे वळतो.

जाळल्यानें काय जातें

पुष्कळ अनुभवी शेतकरी म्हणतात कीं, जाळलेल्या जागीं पीक जोमदार येतें. हें म्हणणें खोटें नाहीं. राखेंत पालाश, चुना व थोडें स्फुरद शिल्लक राहतें आणि तें पिकास लवकर लागू पडतें. परंतु पाचोळ्यांतील नत्र जवळजवळ सर्व धुरावाटे उडून जातें, गंधकाचाहि बराच भाग जातो, आणि ज्यापासून जमिनीचा कस बनावयाचा तो सेंद्रिय भाग तर नाहींसाच होतो. उरलेली राखहि वळवाच्या पहिल्या वावटळींत शेजाऱ्याच्या शेतांत जाते.

उसाचा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर उसापासून ८ ते १० टन वाळलेलें पाचट निघतें व त्यांत नत्राचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें. ८ टनच धरले तरी ४० किलो नत्र झालें. युरियांत नत्र शेंकडा ४६ असतें. म्हणजे ४० किलो नत्राकरितां सुमारें ८७ किलो युरिया, अर्थात् ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या लागतील. पाचटांतील नत्र पिकास युरियाप्रमाणें तत्काळ मिळत नाहीं, हळूहळू मिळतें, हें खरें. पण तें आपल्याच जमिनींतून व आपल्याच पैशानें आलेलें असतें. दुकानांतून दोन गोण्या आणून कोणी त्या चुलींत ओतणार नाहीं. पाचट पेटविणारा मात्र नकळत तेंच करीत असतो.

पाचोळा लवकर कां कुजत नाहीं

ह्याचें कारण समजलें म्हणजे पुढील सर्व रीत आपोआप उलगडते. पान गळण्यापूर्वीं झाड त्यांतील नत्राचा बराचसा भाग फांदींत परत ओढून घेतें. म्हणून गळलेलें पान हिरव्या पानापेक्षां निःसत्त्व असतें; त्यांत कर्ब पुष्कळ व नत्र थोडें. खत कुजविण्याचें काम करणारे सूक्ष्म जंतु कर्बावर जगतात, परंतु त्यांस आपलें शरीर बांधण्यास नत्र लागतें. कर्बाच्या सुमारें ३० भागांस नत्राचा १ भाग असला म्हणजे त्यांचें काम नीट चालतें. सुक्या पाचोळ्यांत हें प्रमाण ५० किंवा त्याहून अधिक कर्बास १ असें असतें. उसाच्या पाचटांत तें त्याहूनहि पुष्कळ अधिक असतें. उलट गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्यांत तें २० च्या आंत असतें.

दुसरें कारण पानाच्या घडणींत आहे. आंब्याच्या व फणसाच्या पानावर मेणासारखा थर असतो, सागाचें पान रुंद व चिवट असतें. अशीं पानें सपाट एकावर एक बसलीं कीं त्यांमधून पाणीहि जात नाहीं व हवाहि जात नाहीं. प्रस्तुत लेखकानें पहिल्या वर्षीं हीच चूक केली. सागाचीं व आंब्याचीं पानें जशींच्या तशीं खड्ड्यांत दाबून भरलीं, वर चार पाट्या शेण टाकलें आणि पावसावर हवाला ठेवला. दिवाळीनंतर खड्डा उकरला तों वरचा वीतभर थर काळा झालेला. त्याखालीं सागाचीं पानें पत्रावळींच्या थप्पीप्रमाणें कोरडीं, शिरांसकट शाबूत निघालीं. दोष पानांचा नव्हता, भरणाऱ्याचा होता.

तिसरें कारण ऋतूचें आहे, आणि तेंच सर्वांत महत्त्वाचें. सुका माल फाल्गुन-चैत्रांत मिळतो; त्या वेळीं विहिरीनें तळ गांठलेला असतो व हिरवा पाला दुर्मिळ असतो. पाणी आणि हिरवळ आषाढांत येते. तोंवर सुका माल जळून गेलेला असतो. ह्या दोघांची गांठ पडत नाहीं म्हणूनच काडी लागते. तेव्हां शेतकऱ्याचें खरें काम इतकेंच कीं, उन्हाळ्यांत सुका माल निवडून, मोडून, रचून जपून ठेवावा आणि पाऊस लागतांच हिरव्याशीं त्याची गांठ घालून द्यावी. ह्या पहिल्या अर्ध्या कामास पाण्याचा थेंबहि लागत नाहीं, आणि तें शेतीच्या रिकाम्या दिवसांत उरकतें.

इंदूरचा धडा

ही दृष्टि नवीन नव्हे. होळकर संस्थानांतील इंदूर येथें १९२४ पासून १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतील टाकाऊ मालापासून खत करण्याचे प्रयोग केले, आणि १९३१ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं त्यांवर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘इंदूर पद्धति’ ह्या नांवानें ती रीत पुढें देशोदेशीं गेली. आपल्याकडे त्या पद्धतींतील खड्ड्याचीं मापें तेवढीं पुष्कळांनीं ध्यानांत ठेविलीं. पण माल खड्ड्यांत पडण्यापूर्वीं त्याची किती निगा राखली जात असे, ह्याकडे दुर्लक्ष झालें. कपाशीच्या व तुरीच्या कठीण काड्या तेथें शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चुरून घेत. हिरवें तण दोन-तीन दिवस कोमेजूं देत. निरनिराळा माल थराथरानें रचून ठेवीत. आणि तो गुरांच्या पायांखालीं अंथरून मगच खड्ड्याकडे नेत. पुढें दिलेली रीत त्याच धर्तीची, परंतु आपल्या ऋतुमानाला व आजच्या परिस्थितीला जुळेल अशी मांडली आहे.

तयारीची रीत

१. निवड. पाचोळा गोळा करतांनाच निवडावा. मागाहून निवडणें होत नाहीं. आच्छादनाच्या प्लास्टिक कागदाचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, नायलॉनची दोरी, खताच्या पिशव्या व कांच हीं प्रथम बाजूस काढावीं. प्लास्टिक एकदां खतांत गेलें कीं तें दरवर्षीं नांगराला अडकून आपली आठवण देत राहतें. हरळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गांठी कडक उन्हांत कुरकुरीत वाळेपर्यंत वेगळ्या ठेवाव्या. ओल्या घातल्यास त्या खतांतच फुटतात. गाजरगवत, जें १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आलें व पुढें देशभर पसरलें, तें फुलावर येण्यापूर्वींच उपटून घ्यावें, आणि उपटतांना हात झांकलेले असावे. त्यानें पुष्कळांच्या अंगावर खाज उठते. मर रोगानें गेलेली तूर, तेल्या रोगानें पछाडलेल्या डाळिंबाचीं पानें व फळें असा रोगट माल खताच्या ढिगांत घालूं नये. तो शेताबाहेर नेऊन नष्ट करावा. अग्नि द्यावयाचा तर एवढ्याच मालास द्यावा. निलगिरीचीं पानें व सुरूच्या काड्या फार सावकाश कुजतात. त्या थोड्या प्रमाणांत इतर मालांत मिसळाव्या.

२. मोडणें. पान जितकें बारीक तितके त्याला जंतूंचें तोंड अधिक ठिकाणीं लागतें. सागाचा व आंब्याचा पाचोळा दुपारच्या उन्हांत कडक वाळला असतां खळ्यावर पसरून त्यावरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर दोन-चार वेळां फिरवावा. पांच मिनिटांत त्याचा चुरा होतो. हेंच काम सकाळच्या दंवांत केलें तर पान नुसतें वळतें, मोडत नाहीं. पऱ्हाट्या व तुराट्या रस्त्यावर पसरून चाकांखालीं चुराव्या, किंवा गांवांत कुट्टीचें यंत्र असेल तर त्यांतून काढाव्या. असा कठीण माल एकंदर मालाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षां जास्त नसावा.

३. रचणें. ढिगासाठीं उंच, सपाट व निचऱ्याची जागा निवडावी. ती घर, गोठा, कडब्याची गंजी व विजेच्या तारा ह्यांपासून दूर असावी, आणि तिच्या भोंवतीं दहा-बारा फूट जमीन झाडून मोकळी ठेवावी. सुक्या पाचोळ्यास विडीची ठिणगीहि पुरते. खालीं तुराट्यांचा थर देऊन त्यावर साग, आंबा, पाचट, भुसा, तुरीचा पाला असे निरनिराळे थर प्रत्येकीं अर्धा फूट जाडीचे, एकूण पांच फूट उंचीपर्यंत रचावे. वर जुनी ताडपत्री किंवा कडबा टाकून दगडांचें वजन ठेवावें. पुढें माल काढतांना वरून एकेक थर उचलूं नये. गंजीसारखा उभा काप घ्यावा, म्हणजे प्रत्येक पाटींत सर्व प्रकारचा माल येतो. कापतांना विंचू-सर्पाची शंका धरून आधीं काठीनें ढीग हालवावा.

४. अंथरणें. ज्यांच्याकडे गुरें आहेत त्यांनीं हा माल रोज सायंकाळीं थोडा थोडा गोठ्यांत अंथरावा. रात्रभर गुरांच्या खुरांखालीं तो आणखी मोडतो व मूत्रानें भिजतो. गोठ्यांतील मूत्र वाहून जाऊं देणें म्हणजे नत्राची नासाडी होय. शेणापेक्षां मूत्रांतील नत्र लवकर कामास येतें. जमीन मातीची असेल तर मूत्रानें भिजलेली वरची माती खरवडून तीहि ढिगांत घालावी व तिच्या जागीं नवी माती टाकावी.

आजकाल पुष्कळ घरीं बैलांची जागा ट्रॅक्टरनें घेतली आहे व गोठा रिकामा आहे. अशांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. शेजाऱ्याकडून थोडें शेण मिळवावें आणि बांधावर गिरिपुष्प लावावें. फांदी खोंचली तरी तें जगतें, आणि पावसाळ्यांत त्याची छाटणी करतां येते. तेंहि नसेल तर सुक्या मालाच्या टनामागें ८ किलो युरिया व १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाण्यांत कालवून थरांवर शिंपडावें, आणि १ किलो कुजविणारें जिवाणुखत शेणकाल्यांत मिसळून निराळें शिंपडावें.

उसाचा खोडवा ठेवणाऱ्यांनीं मात्र पाचट शेताबाहेर नेण्याचा खटाटोपच करूं नये. तें सरींत दाबून पसरावें व त्यावर टनामागें वरील प्रमाणांतच खतें व जिवाणु द्यावे. ओल टिकते, तण दबतें आणि वाहतुकीचा खर्च वांचतो.

पाऊस लागल्यावर

पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांचतें, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग करणें चांगलें. पाया सुमारें दोन मीटर रुंदीचा ठेवावा, उंची दीड मीटर, लांबी मालाप्रमाणें. तळाशीं जाड काड्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर चार ते सहा इंच सुका माल, त्यावर दोन-तीन इंच हिरवा माल, त्यावर शेणकाला, असे थर चढवावे. हिरवा पाला व तण कापल्यानंतर एक-दोन दिवस कोमेजूं द्यावें. ताजें घातल्यास तें चिकटून बसतें व आंबतें. हिरव्याचें वजन सुक्याच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत असावें. शेण भरपूर असेल तेथें निम्मा हिरवा माल पुरतो. शेजारीं पंधरवड्याचा जुना ढीग असेल तर त्यांतील दोन पाट्या खत प्रत्येक थरावर भुरकावें. दुधास विरजण तसें ढिगास तें उपयोगी पडतें.

ओल पाहण्यास यंत्र नको. ढिगांतील मूठभर माल घेऊन पिळावा. बोटांत ओलावा जाणवून एखादा थेंब सुटला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. मुसळधार पाऊस असेल तेव्हां वर ताडपत्री किंवा पेंढा टाकावा.

भरल्यापासून तीन-चार दिवसांत ढीग तापला पाहिजे. एक सरळ काठी मध्यापर्यंत खुपसून ठेवावी व रोज काढून हातानें पाहावी; ती चटका बसेल इतकी गरम लागली म्हणजे काम सुरू झालें असें समजावें. ५५ अंश किंवा अधिक उष्णता कांहीं दिवस टिकली असतां बहुतेक तणांचें बीं मरतें. परंतु ही उष्णता ढिगाच्या पोटांत असते, कडेला नसते. म्हणून १५ व्या, ३० व्या आणि ६० व्या दिवशीं ढीग उलथावा व कडेचा माल मध्यें आणि मधला कडेला घालावा. उलथण्याचा कंटाळा करणाऱ्याचें खत तणांचें बियाणें शेतांत पेरतें.

तीन महिन्यांत ढीग खचून बराच लहान होतो. ही तूट पाहून घाबरूं नये. कर्बाचा मोठा भाग हवेंत जाणारच. माल काळसर, हलका व भुसभुशीत झाला, त्यांत ऊब राहिली नाहीं आणि पहिल्या पावसानंतर मातीस येतो तसा वास त्यास आला, म्हणजे खत तयार झालें. आषाढाच्या प्रारंभीं भरलेला ढीग अशा रीतीनें आश्विनांत, रब्बीच्या पेरणीच्या सुमारास हाताशीं येतो.

ढीग बिघडल्यास

ढीग तापत नसेल तर मुठीनें ओल पाहावी. कोरडा असल्यास पाणी, ओल बरोबर असल्यास शेणकाला किंवा हिरवा पाला कमी पडला आहे असें समजावें. ढिगास कुजकट घाण वास येत असेल तर आंत पाणी जास्त व हवा कमी आहे. तो उलथून मध्यें सुका चुरा मिसळावा. नवसागरासारखा उग्र वास आला तर नत्र उडून जात आहे. तेथेंहि सुका माल वाढवावा. ह्या तिन्ही दोषांपैकीं दोहोंवर सुका माल हेंच औषध आहे, आणि तो आषाढांत विकत मिळत नाहीं. म्हणून रचलेला सर्व पाचोळा एकदम ढिगांत न घालतां चौथा हिस्सा राखून ठेवावा.

शहराजवळच्या बागाईतदारांस सूचना

ज्यांची जमीन शहरालगत आहे त्यांना पाचोळ्याचा आणखी एक साठा उपलब्ध आहे. शहरांतील वसाहतींत, शाळांच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेस दर वसंतांत ढिगांनीं पानें पडतात. केंद्र सरकारनें २०१६ सालीं केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांनीं बागेचा कचरा निराळा ठेवण्याचें बंधन घातलें व उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. पानें देणारा आहे व घेणाराहि आहे. मध्यें अट एवढीच कीं, तीं नीट बांधलेलीं मिळालीं पाहिजेत.

तेव्हां घेण्यापूर्वीं देणाऱ्यास स्पष्ट सांगावें : पानें कोरडीं असतांच झाडून घ्यावीं व गोणपाटाच्या पोत्यांत भरावीं; पोत्याचें तोंड सुतळीनें बांधावें, नायलॉननें नव्हे; फांद्या हातभर लांबीच्या तोडून वेगळ्या मोळ्या कराव्या; स्वयंपाकघरांतील कचरा, बाटल्या व पिशव्या त्यांत टाकूं नयेत; आणि पोतीं गटाराच्या तोंडावर न ठेवतां रस्त्याच्या कडेस कोरड्या जागीं ठेवावीं. आपलें स्वतःचें घर शहरांत असेल व पानें नगरपालिकेच्या गाडीस द्यावयाचीं असतील, तरी हेच नियम पाळावे. शहरांतून आलेलें पहिलें पोतें शेतावर पोंचतांच उपडें करून तपासावें. त्यांत प्लास्टिक निघालें तर पुढील पोतीं घेण्यापूर्वींच तक्रार करावी.

समारोप

कोणी म्हणेल, ह्या सर्वांस मजूर कोठून आणावे? शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षीं सगळा पाचोळा आवरण्याचा संकल्प करूं नये. घराजवळच्या दोन-चार झाडांखालचा व एका बांधावरचा माल घ्यावा, तो निवडून, चुरून, रचून ठेवावा, आणि आषाढांत एकच ढीग करावा. आश्विनांत तें खत एका वाफ्यास देऊन शेजारचा वाफा तसाच ठेवावा आणि दोन्हीं वाफ्यांतील जमीन पावसाची उघडीप पडल्यावर हातांत घेऊन पाहावी. पुढील वर्षीं मजूर लावावे कीं नाहीं, ह्याचा निर्णय तो वाफाच देईल.

आपल्या जमिनी पिढ्यान् पिढ्या पीक देत आल्या आहेत, आणि त्यांस परत काय मिळालें ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. झाड मात्र दर वर्षीं न चुकतां आपला हिस्सा जमिनीस परत देतें. तो मध्येंच अडवून त्यास आग लावण्याचा उद्योग आपण सोडला, तरी ह्या फाल्गुनापुरतें पुष्कळ झालें.